मरुत्सखा खरंच उडालं होतं का?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी गोंदियाजवळ बिरसीला धावपट्टी बांधली. आज तिथे वैमानिक घडतात. धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालणारी छोटी प्रशिक्षण विमानं इथल्या पोरांच्या चांगल्या ओळखीची आहेत. व्यावसायिक परवान्यासाठी विद्यार्थ्याला किमान २०० तास उड्डाण करावं लागतं आणि त्यातला तास न् तास लॉगबुकात चढतो: तारीख, विमान, कुठून कुठे, किती वेळ. ज्याची नोंद नाही ते उड्डाण परवान्यासाठी धरत नाहीत.

मराठी माणसाच्या पहिल्या विमानाची कथा मात्र आपण अशी एकही नोंद न मागता डोक्यावर घेतली. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे (१८६४–१९१६) यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचं मानवरहित विमान १५०० फूट उंच उडवलं, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, असं ही कथा सांगते. समोर सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती रानडे हजर होते म्हणे. ‘केसरी’त बातमीही आली होती म्हणे. पण कथा सांगणारे अंकाची तारीख देत नाहीत, छायाचित्र दाखवत नाहीत, यंत्राचा आराखडाही पुढे करत नाहीत. २०१५ साली यावर ‘हवाईजादा’ हा चित्रपट निघाला. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये कॅप्टन आनंद बोडस यांनी प्राचीन विमानं ग्रहाग्रहांवर जात असल्याचा निबंध वाचला आणि तळपद्यांचं नाव पुन्हा घरोघरी गेलं.

मानवरहित यंत्र त्या काळी उडणं अशक्य होतं, असं मुळीच नाही. सॅम्युअल लँग्ले यांचं वाफेच्या इंजिनाचं बिनमाणसांचं विमान ६ मे १८९६ रोजी अमेरिकेत पोटोमॅक नदीवरून अर्ध्या मैलाहून जास्त उडालं. ते पाहायला टेलिफोनचे जनक ग्रॅहम बेल हजर होते, त्यांनी छायाचित्र घेतलं, आणि ते यंत्र आजही जपून ठेवलेलं आहे. तोच लँग्ले १९०३ मध्ये माणूस बसवून विमान उडवायला गेला तेव्हा ते नदीत कोसळलं. ते अपयशही तितक्याच काटेकोरपणे नोंदलं गेलं.

मरुत्सखा पाऱ्यावर चालत होतं, असं सांगतात, आणि त्याला ‘आयन इंजिन’ म्हणण्याची हल्ली पद्धत पडली आहे. इथे हिशेब मांडायलाच हवा. पाऱ्याचं आयन इंजिन खरंच झालं. नासाने ते १९६४ साली सर्ट-१ या यानातून अवकाशात चालवून दाखवलं. पण त्याचा रेटा जेमतेम काही ग्रॅम वजन तोलण्याइतका. अवकाशात हवा नसते, म्हणून तेवढाही रेटा महिनोन्महिने लावला तर यानाचा वेग वाढत जातो. चौपाटीच्या दाट हवेत असं इंजिन चालणारच नाही, मग विमान उचलणं तर दूरच. शिवाय पारा लोखंडाहूनही जड आणि त्याची वाफ विषारी.

पाऱ्याचं आकर्षण आपल्याकडे जुनंच. चाळीसगावजवळच्या पाटणशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, त्या भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त आऱ्यांमध्ये पारा भरलेलं, आपोआप फिरणारं चाक सांगितलं आहे. असं चाक फिरत राहत नाही. त्यांचं गणित मात्र आजही अचूक आहे, आणि ते आपण पडताळून मान्य करतो.

पडताळणी विमानशास्त्राचीही झाली. तळपदे ज्या परंपरेशी जोडले जातात तो ‘वैमानिकशास्त्र’ हा ग्रंथ सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तोंडी सांगितला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये तो तपासला. भाषा अर्वाचीन निघाली. शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर या चारही विमानांच्या रचना उडण्याजोग्या नाहीत, असं त्यांनी कारणांसह दाखवलं. शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली तळपद्यांनी प्रतिकृती केल्या, पण त्या उडाल्या नाहीत, हेही त्या अभ्यासात आलं आहे.

मला तळपदे लहान वाटत नाहीत. परक्या राजवटीत, पैसा आणि प्रयोगशाळा यांच्या आधाराविना एक माणूस उडण्याचा ध्यास घेतो, ही गोष्ट खरी आहे आणि तेवढीच पुरेशी मोठी आहे. तिच्यावर न घडलेलं उड्डाण चढवलं की त्या माणसाचे खरे कष्ट झाकले जातात.

हा प्रश्न इतिहासापुरता नाही. इंधनाशिवाय, विजेशिवाय चालणाऱ्या जनित्राचे व्हिडिओ आज प्रत्येक मोबाइलवर फिरतात: मोटर जनित्र फिरवते, जनित्र मोटरला वीज देतं आणि वर पंपही चालतो. उन्हाळी धानाला पाणी देताना रात्री-अपरात्री विजेची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे खरं असावं असं वाटणारच. पण वेटोळ्यांतल्या आणि बेअरिंगमधल्या उष्णतेत वीज सतत खर्ची पडते, त्यामुळे भार नसतानाही हे चक्र काही वेळात थांबतं. पाच अश्वशक्तीचा कृषिपंप आठ तास चालवायला साधारण ३० युनिट लागतात. ती कुठूनतरी यावीच लागतात. म्हणून आगाऊ रक्कम देण्याआधी यंत्र स्वतःच्या बांधीवर आणवावं. झाकण उघडून आत बॅटरी किंवा लपवलेली वायर नाही ना, ते वायरमनकडून पाहून घ्यावं. मग पंप जोडून सलग दिवस-रात्र चालवायला सांगावं, आणि पाणी किती वेळ आलं ते वहीत लिहून ठेवावं.