स्त्रियांच्या मंडळास स्वतःची वास्तू हवी

ज्या संस्थेस स्वतःची जागा नाही, तिचा निर्णय जागामालकाच्या मर्जीपलीकडे जाऊ शकत नाही. भाड्याच्या पेढीवर धंदा करणाऱ्या व्यापाऱ्यास हे नव्याने सांगावयास नको. परंतु हाच न्याय स्त्रियांच्या मंडळांस लावण्याची वेळ आली म्हणजे "त्यांस इमारत कशाला? देवळाचा सभामंडप आहेच," असे म्हणून पुष्कळ शहाणे गृहस्थ मोकळे होतात. अशांनी अमेरिकेतील कॅलिफोर्निया संस्थानातील बर्कली येथील एका वास्तूची हकीकत अवश्य ऐकावी.

गावाच्या सामाजिक, नागरी व सांस्कृतिक उन्नतीस हातभार लावावा या हेतूने तेथील स्त्रियांनी १९२७ साली आपला क्लब स्थापन केला. सभासद नोंदवून त्यांनी पैसा जमविला. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. तथापि क्लबाची सहा मजली इमारत १९३० साली पुरी झालीच.

तिचा आराखडाही एका स्त्रीचाच. ज्युलिया मॉर्गन यांनी १८९४ साली बर्कलीच्या विद्यापीठातून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे पॅरिसच्या ज्या कलाशाळेत वास्तुविद्येच्या वर्गाचे दार स्त्रियांस बंद होते, तेथे त्यांनी १८९८ साली प्रवेश मिळविला. त्यांनी बांधलेला मिल्स कॉलेजचा मनोरा १९०६ च्या भूकंपातही उभा राहिला. तोच सळई-काँक्रीटचा भरवसा या इमारतीच्या पोटात आहे. बाह्यांगी मात्र गॉथिक व मूरिश धर्तीच्या कमानींचा साज आहे. आपल्या वाड्यांप्रमाणे आत उजेड-वारा देणारे चौक असून सभागृह, भोजनगृह, राहण्याच्या खोल्या, इतकेच नव्हे तर कमानींच्या छताखाली पोहण्याचा तलावही आहे. सभा, भोजन, व्यायाम व निवास या सर्वांची सोय स्त्रियांच्याच मालकीच्या एका छपराखाली झाली, हे या वास्तूचे खरे वैशिष्ट्य होय. पुढे क्लबाने पुरुषांसही सभासद करून घेतले. पण ते घरधनिणींनी आपल्या घराचे दार उघडून!

तो क्लब सुखवस्तू स्त्रियांचा होता, आमच्याकडे हे कसे साधावे, अशी शंका कोणी घेईल. त्यास उत्तर आपल्याच प्रांतात आहे. १९०० साली रावबहादूर गोखले यांनी दिलेल्या जागेवर अण्णासाहेब कर्व्यांनी हिंगण्यास एक झोपडी उभारली आणि त्या झोपडीतून केवढी मोठी संस्था वाढली, हे सर्वश्रुत आहे. प्रारंभास वाडा लागत नाही. जागा मात्र लागते.

म्हणून आमच्या धनिक बंधूंस एवढीच विनंती की, त्यांनी महिला मंडळास शालजोडी व नारळ देण्याऐवजी चार खण जागा द्यावी. आणि दानपत्र मंडळाच्याच नावे करून कारभार व किल्ल्या दोन्ही भगिनींच्या स्वाधीन कराव्या. किल्ली स्वतःपाशी ठेवून दिलेले दान हे दान नव्हे.