कॅन्टन फेअरला निघालात? जेवण, नमाज आणि पैशांची सोय जालन्यातूनच करून जा

जालन्याची ओळख बियाण्याची आणि सळईची. पण आपल्या दुकानांतली खेळणी, मोबाईलचे कव्हर, हार्डवेअर यातला बराच माल येतो चीनमधून. म्हणून घरातला मुलगा "एकदा ग्वांगझूला जाऊन स्वतः माल बघतो" म्हणाला की आई-वडिलांचा पहिला सवाल असतो: तिथे खाशील काय, आणि नमाज कुठे पढशील? दोन्हींची सोय तिथे आहे. फक्त तयारी घरूनच व्हायला हवी.

कधी जावे?
कॅन्टन फेअर 1957 पासून भरतो. वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, प्रत्येक वेळी तीन टप्प्यांत. मशिनरी, इलेक्ट्रॉनिक्स, हार्डवेअर पहिल्या टप्प्यात. घरगुती सामान दुसऱ्या. खेळणी आणि कपडे तिसऱ्या टप्प्यात. आपला माल कोणत्या टप्प्यात आहे ते पाहूनच तिकीट काढा. फेअरच्या वेबसाईटवर नाव नोंदवले की निमंत्रणपत्र मिळते, ते व्हिसासाठी कामी येते.

खाण्याचे काय?
चिनी भाषेत हलालला 'चिंगझन' म्हणतात. हा शब्द चिनी अक्षरांत मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, दुकानाच्या पाटीवर तोच शोधायचा. चिनी मुसलमानांची, म्हणजे हुई लोकांची, हाताने ओढलेल्या नूडल्सची छोटी हॉटेले शहरभर आहेत. श्याओबेई भागात अरबी, तुर्की जेवणही मिळते.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. तिथे नुसते 'रौ' म्हणजे मांस, आणि त्याचा अर्थ बहुधा डुकराचे मांस. शाकाहारी भाजीतही डुकराची चरबी किंवा स्वयंपाकाची दारू असू शकते. "भाजीच तर आहे" म्हणून गाफील राहू नका. सोबत खजूर, चिवडा, चटणी असू द्या.

नमाज
जुन्या शहरात हुआईशेंग मशीद आहे, शीमेनकौ मेट्रो स्टेशनपासून जवळ. तिचा मिनार सुमारे 36 मीटर उंच. दुसरी शिआनशिआन मशीद, रेल्वे स्टेशनच्या भागात. तिथल्या परंपरेनुसार हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांची मजार तिथेच आहे, मात्र इस्लामी इतिहासात त्यांचा दफनविधी मदिन्यात झाल्याची नोंद आहे. जुम्याला इथे देशोदेशीचे व्यापारी जमतात. किब्ला आपल्यासारखाच पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. घड्याळ अडीच तास पुढे करायचे. कसरचा मसला निघण्याआधी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्या.

चीनमध्ये धार्मिक बाबतीत कायदा कडक आहे. हॉटेलच्या खोलीत एकट्याने नमाज पढा, पण लोक जमवून जमात किंवा बयान करू नका. त्यासाठी मशीदच. वाटण्यासाठी दीनी पुस्तके नेऊ नका. स्वतःपुरता एक कुरआन पुरे. यात चूक झाली तर धंदा बाजूलाच राहील आणि चौकशी मागे लागेल.

पैसे आणि फोन
सगळा व्यवहार मोबाईलवर चालतो. आपल्या यूपीआयवर विसंबू नका. अलीपे ॲप घरीच टाका, पासपोर्ट आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा, बँकेकडून परदेशी व्यवहार चालू करून घ्या. थोडे युआन रोख ठेवाच.

व्हॉट्सॲप आणि गूगल तिथल्या वायफायवर चालत नाही. आपल्या सिमचे इंटरनॅशनल रोमिंग घेतले तर बहुधा चालते. नाहीतर घरचे चार दिवस फोनची वाट पाहत काळजीत बसतील. हॉटेलचा पत्ता चिनीत छापून खिशात ठेवा, टॅक्सीवाल्याला दाखवायला. ओळखीच्या घरी उतरलात तर 24 तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते. हॉटेलात ती हॉटेलवालेच करतात.

एवढे केले तर, इन्शाअल्लाह, सौदाही नीट होईल आणि दीनही सांभाळला जाईल.