स्फोटक द्रव्यें आणि सबंध देशाचा एक नियम

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत १४ एप्रिल १९४४ रोजीं ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. जहाजांत सुमारें १,४०० टन स्फोटकें, आणि त्यांच्या शेजारास कापसाच्या गांठी! कापसास लागलेली आग स्फोटकांपर्यंत पोहोंचली. ८०० च्या आसपास माणसें प्राणांस मुकलीं.

असल्या मालास राज्याची शीव ठाऊक नसते. सुरुंगाची दारू एका राज्यांत तयार होते, दुसऱ्यांतून वाहून नेली जाते व तिसऱ्यांतील खाणींत वापरली जाते. प्रत्येक ठिकाणीं निराळा कायदा असता, तर जेथें तो ढिला तेथेंच साठे वाढले असते. म्हणून १८८४ सालींच या विषयाचा मध्यवर्ती कायदा झाला, व पुढें राज्यघटनेनेंही तो विषय केंद्राकडेच ठेविला. संबंधित खात्याचें मुख्य कार्यालय नागपुरास आहे. कोठार वस्तीपासून किती दूर असावें, हें साठ्याच्या मानानें सर्वत्र एकाच कोष्टकावरून ठरतें.

पण कायदा एक असला तरी हात अनेक. मोठ्या कोठाराचा परवाना या खात्याचा, ना-हरकत दाखला जिल्हाधिकाऱ्यांचा, चोरीचा तपास पोलिसांचा. माझ्या मतें खरी अडचण येथेंच आहे. लेबाननमधील बैरुत बंदरांत २,७५० टन अमोनियम नायट्रेट वखारींत सुमारें सहा वर्षें पडून होतें. जकात खातें व न्यायालय यांचा पत्रव्यवहार झाला, माल मात्र हालला नाहीं. ४ ऑगस्ट २०२० रोजीं तो उडाला. हें द्रव्य खतांसही लागतें. आपल्याकडे २०१२ सालीं त्याचे स्वतंत्र नियम झाले. त्यांप्रमाणें परवानेदारास खरेदी-विक्रीचा व साठ्याचा हिशेब ठेवावा लागतो.