रात्री कारखान्याची चावी कोणापाशी असते?

१८ मे २०२५ रोजी पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ माणसे मरण पावली. त्यांत कामगार होते, तसेच खुद्द मालक व त्यांच्या घरची माणसेही होती. त्याआधी ३ एप्रिल २०२४ रोजी छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरील शिलाईचे दुकान पेटले. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील सात जण गुदमरून गेले. वाळूजला ३१ डिसेंबर २०२३ रोजी हातमोज्यांच्या कारखान्यात झोपलेले सहा कामगार दगावले. दिल्लीच्या अनाज मंडीत ८ डिसेंबर २०१९ रोजी ४३.

चारही घटनांची वेळ रात्रीची किंवा पहाटेची. चारही ठिकाणी माणसे कामाच्या जागेतच किंवा तिच्या वर झोपलेली.

आपल्या व्यवसायबंधूंपैकी कितीतरी जणांची हीच रीत आहे. खाली माल, वर बिऱ्हाड; किंवा दिवसा मशीन चालते तेथेच रात्री कारागीर अंथरूण टाकतात. जागेची भाडी पाहता याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. परंतु चोरीच्या भीतीने शटरला बाहेरून कुलूप घालून चावी घरी नेणारे काही मालक आहेत, हे मात्र आम्हाला मुळीच मान्य नाही. मालाचा विमा उतरवता येतो. चावी आत झोपणाऱ्यांपाशीच हवी, तीही एकाच्या खिशात नव्हे, तर दाराजवळ, अंधारातही हाताला लागेल अशी.

कापड, फोम, रेक्झिन जळू लागले की ज्वाळांच्या आधी धूर पोहोचतो, आणि त्यातील विषारी वायूने झोपलेल्याला जागही येत नाही. म्हणून बॅटरीवर चालणारा धुराचा भोंगा जिन्याच्या वरच्या टोकाला बसवावा. धूर वर चढतो, तेव्हा जमिनीलगत रांगत बाहेर पडावे. पण रांगायला वाट तर हवी! जिन्यावर तागे आणि गठ्ठे रचलेले आम्ही इतक्या ठिकाणी पाहतो की, जिना हे गोदामच समजले जाते की काय, अशी शंका येते. खिडकीच्या जाळीला आतून उघडणारी झडप करून घेणे हे लोहाराचे एका दिवसाचे काम आहे.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने जबाबदारी मालकावर किंवा जागा वापरणाऱ्यावर टाकली आहे, त्यामुळे ‘आम्ही भाडेकरू’ म्हणून हात झटकता येत नाहीत. कायदा लागू असलेल्या इमारतींना आगीची साधने चालू असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी व जुलैत घ्यावा लागतो. भिंतीवरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे मात्र दर महिन्याला आपणच पाहावे आणि तो कसा चालवायचा, हे प्रत्येक कारागिराला दाखवावे. विजेच्या आगीवर पाणी मारू नये, आधी मेन स्विच बंद करावा. १०१ किंवा ११२ ला फोन करावा. बाहेर आलेल्याने मालासाठी पुन्हा आत शिरू नये.

बंबवाले आले की पहिला प्रश्न विचारतात, आत किती जण आहेत? दिवसपाळीची हजेरी सगळेच ठेवतात. रात्री किती जण झोपले, ही नोंदही मुकादमाने रोज लिहून बाहेर, शेजारच्या दुकानदाराकडे द्यावी.