मेळघाट परिसरातील लोकजीवन

अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा व धारणी या तालुक्यांत सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगांमध्ये मेळघाटचे वनक्षेत्र पसरलेले आहे. देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक येथे १९७४ मध्ये सुरू झाला; गुगामल राष्ट्रीय उद्यान १९८७ मध्ये घोषित झाले.

येथील बहुसंख्य रहिवासी कोरकू असून त्यांची भाषा मुंडा गटातील आहे. त्यांची शेती मुख्यतः पावसावर अवलंबून असते. मोहफुले, तेंदूपाने, चारोळी व डिंक यांची वेचणी आणि जंगलातील मजुरी यांवर उरलेल्या गरजा भागतात. गवळी लोक गुरे पाळून दूध व खवा विकतात. खरिपानंतर अनेक कोरकू कुटुंबे मजुरीसाठी मैदानी मुलखात जातात व होळीस परततात. या काळात मुलांचे पोषण व शिक्षण खंडित होते.

वन्यजीवसंरक्षण कडक होत गेले, तसे चराई व वनोपजाच्या वेचणीवर निर्बंध आले. पुढे स्वेच्छा-पुनर्वसनासाठी २००८ मध्ये प्रत्येक कुटुंबास १० लाख रुपये देण्याची तरतूद झाली. गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी इ. गावे अकोला जिल्ह्याच्या सपाट प्रदेशात हलविण्यात आली. तेथे रस्ता व बाजार जवळ आला, तरी सरपण, चराई व वनोपज दुरावले. रोख रकमेने ही उणीव कायमची भरून निघत नाही. जानेवारी २०१९ मध्ये जुन्या गावी परतलेल्या काही पुनर्वसितांचा वनकर्मचाऱ्यांशी संघर्ष झाला. २००६ च्या वनहक्क अधिनियमानुसार अशा स्थलांतरापूर्वी हक्कांची निश्चिती व ग्रामसभेची संमती आवश्यक असते.