संस्थेचा आंकड्यांचा फलक

शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांत व सहकारी संस्थांत अलीकडे 'डॅशबोर्ड' या नांवानें आंकड्यांचा फलक पडद्यावर दाखविण्याची चाल पडली आहे. शब्द मूळचा गाडीवानांचा. घोड्यांच्या टापांनीं उडणारा चिखल अंगावर येऊं नये म्हणून गाडीच्या पुढें जी फळी लावीत, तिला इंग्रजींत हें नांव होतें. पुढें मोटारींत त्याच जागीं वेग व इंधन दाखविणारे कांटे बसले आणि आतां व्यवसायाचे आंकडे बसले आहेत. मात्र कांहीं संस्थांचे फलक पाहिले म्हणजे चिखल अडण्याऐवजीं डोळ्यांतच उडतो कीं काय, असें वाटतें!

फलक सभासदाच्या कोणत्या निर्णयासाठीं आहे, हें आधीं ठरवावें. रंगांचा विचार मागाहून. उन्हाळी कांदा चाळींत भरलेल्या शेतकऱ्याचें उदाहरण घेऊं. त्याचा प्रश्न एकच: माल आज काढावा कीं आणखी ठेवावा? फलकावर त्यास बहुधा बाजारभावाची चढती रेघ तेवढी दिसते. समजा, मे महिन्यांत क्विंटलास १२०० रुपये भाव असतां त्यानें १०० क्विंटल कांदा सांठविला. सप्टेंबरांत भाव १७०० झाला. रेघ वर गेली, हिरवी झाली, सभेंत टाळ्या पडल्या. पण वाळून, सडून व कोंब फुटून विक्रीजोगा माल ६५ क्विंटलच उरला असेल, तर हातीं १,१०,५०० रुपये येतात. मे महिन्यांत १,२०,००० आले असते. चाळीचा व मजुरीचा खर्च निराळाच. म्हणून फलकाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यांत, जेथें वाचणाराची नजर प्रथम जाते तेथें, 'भरलेल्या दर क्विंटलामागें आज मिळणारी रक्कम' हा एकच आंकडा ठळक द्यावा: वरील उदाहरणांत ११०५, आणि शेजारीं भरतेवेळचे १२००. भाव, घट व खर्च हीं त्याचीं कारणें असल्यामुळें त्यांची जागा खालीं.

भाव देतांनाहि सावध असावें. बाजार समित्या किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन दर देतात. कमाल दर एखाद्या निवडक ट्रॉलीसच मिळालेला असूं शकतो; तोच मोठ्या अक्षरांत मिरविणें ही सभासदांची निव्वळ दिशाभूल होय.

आतां चित्रांविषयीं. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थानें १७८६ सालीं व्यापाराचे आंकडे रेघांनीं व स्तंभांनीं छापून दाखविले आणि १८०१ सालीं वर्तुळाचे तुकडे पाडण्याची रीत काढली. पैकीं पहिल्या दोन रीती आपल्या कामास पुरेशा आहेत. एकाच रेषेवरून मोजलेल्या लांब्या मनुष्यास जितक्या अचूक ताडतां येतात तितके कोन ताडतां येत नाहींत, हें क्लीव्हलंड व मॅक्‌गिल या संशोधकांनीं १९८४ सालीं प्रयोगानें दाखविलें आहे. वर्तुळाचे सात रंगीत तुकडे देखणे खरे. परंतु त्यांत मोठा कोणता हें कळण्यास पुन्हां आंकडेच वाचावे लागतात.

स्तंभाचा पाया मात्र शून्यावरच असला पाहिजे. १८०० व १९०० हे दोन भाव १७५० पासून आरंभ होणाऱ्या पट्टीवर काढले, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसतो; वाढ असते जेमतेम साडेपांच टक्क्यांची. अशी पट्टी संगणक कधीं कधीं आपण होऊन धरतो. तेव्हां लेखनिकावर हेत्वारोप करण्यापूर्वीं ती तपासून घ्यावी. नुसत्या तांबड्या-हिरव्या रंगावरहि विसंबूं नये. हे दोन रंग कित्येक पुरुषांस वेगळे ओळखतां येत नाहींत, म्हणून 'वाढ' व 'घट' हे शब्द लिहावेतच.

फलकाच्या तळाशीं आंकडे कोणत्या तारखेपर्यंतचे आहेत, आणि चाळींतील घट वजन करून काढली कीं अंदाजानें धरली, हें स्पष्ट लिहावें. वजन करणें अवघड नाहीं. चाळ भरतांना जाळीच्या कांहीं गोण्या तोलून, खूण बांधून, हाताशीं येतील अशा निरनिराळ्या जागीं ठेवाव्या व दर पंधरवड्यास त्याच पुन्हां निवडून कांट्यावर घालाव्या.