पॅकिंग गेलं? आधी कोणतं ते विचारा

सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, एसी लावला की बंद पडू पाहते आणि बॉनेट उघडलं तर कुठून तरी 'स्स्स' असा बारीक आवाज येतो. हैदराबादमधल्या अमीरपेट-पंजागुट्ट्याच्या गर्दीत ही लक्षणं घेऊन गॅरेज गाठलं की उत्तर बहुधा तयार असतं: "पॅकिंग गया, साब." हे ऐकून काही जण घाबरतात, काही जण रविवारी घरीच पाने काढून बसतात. दोघांच्याही डोक्यात थोडा थोडा गोंधळ असतो.

घाबरणाऱ्यांना वाटतं, आता इंजिन खोलावं लागणार. ते हेड गॅस्केट गेलं तर. त्याची लक्षणं म्हणजे सायलेन्सरमधून पांढरा धूर, ऑइलमध्ये मिसळलेलं कूलंट, चढणारं तापमान. वरची लक्षणं मात्र इनटेक मॅनिफोल्डच्या पॅकिंगची असू शकतात. मॅनिफोल्ड हा हवा आत नेणारा भाग हेडच्या बाहेर, बोल्टांनी बसवलेला असतो. आजच्या छोट्या पेट्रोल गाड्यांत तो बहुधा प्लास्टिकचा, आणि त्याचं पॅकिंग म्हणजे खाचेत बसणारं रबर. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ते कडक होतं. ते बदलताना हेडला हात लावायचा नसतो.

आता उलट बाजू. 'चेक इंजिनचा दिवा पेटलेला नाही, म्हणजे गळती नाही' असं ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. आयडलिंगला मॅनिफोल्डच्या आतला दाब ३०-४० किलोपास्कलवर आलेला असतो. बाहेर हैदराबादच्या उंचीवर तो ९५च्या आसपास. त्यामुळे फटीतून हवा बाहेर जात नाही, आत ओढली जाते. ज्या गाडीत आत येणारी हवा सेन्सर मोजतो, तिथे ही चोरवाटेची हवा हिशेबात धरली जात नाही. मिश्रण पातळ होतं, संगणक इंधन वाढवत राहतो आणि शेवटी पी०१७१ सारखा कोड टाकतो. पण अनेक गाड्यांत हवा नव्हे, मॅनिफोल्डमधला दाब मोजला जातो. तिथे गळतीने दाब वाढला की संगणक त्या प्रमाणात पेट्रोल सोडतो. मिश्रण जवळपास बरोबर राहतं, दिवा बहुधा पेटत नाही, फक्त आयडल चढतं. हवा मोजणाऱ्या गाडीत मात्र स्कॅनरवर एक चांगली खूण मिळते. आयडलिंगला इंधनाची दुरुस्ती (फ्यूल ट्रिम) खूप वाढलेली आणि २५०० आरपीएमला जवळपास पूर्ववत, असं दिसलं तर संशय गळतीवरच घ्यावा.

तरीही ती गळती पॅकिंगचीच असेल असं नाही. ब्रेक बूस्टरची नळी किंवा इंजिनमधली वाफ मॅनिफोल्डकडे नेणारी रबरी नळी चिरली, तरी गाडी अगदी अशीच वागते. या नळ्या आधी तपासा. गरम इंजिनवर कार्ब्युरेटर क्लीनर फवारून गळती शोधायची जुनी युक्ती मला मुळीच पसंत नाही, कारण तो द्रव भडकतो. स्मोक टेस्ट करणारं गॅरेज शोधलेलं बरं.

काम घरी होतं का? साध्या पोर्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत, बोल्टांपर्यंत हात पोचत असेल तर होतं. पण अपार्टमेंटच्या सेलारमध्ये नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळघरात साचून राहते. गाडी उघड्यावर लावा, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. इंधन पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू करा आणि आपोआप बंद पडू द्या, म्हणजे रेलमधला दाब उतरेल. मग बॅटरीचा निगेटिव्ह सोडवा. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्या आणि कॉमन रेल डिझेल यांच्या वाटेला घरी जाऊच नये. तिथले दाब शेकड्यांनी बार असतात.

सर्वांत जास्त नुकसान दोन भाबड्या समजुतींनी होतं. एक, वरून सिलिकॉन थापलं की पक्कं बसतं. रबरी पॅकिंग कोरडंच बसवायचं असतं. जादा सिलिकॉन आत दाबलं जातं आणि त्याचे तुकडे सुटून व्हॉल्व्हपर्यंत जाऊ शकतात. दुसरी समजूत म्हणजे जोर लावून आवळलं की गळणार नाही. हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले की पाचशेचं काम कित्येक हजारांवर जातं. प्लास्टिकचा मॅनिफोल्ड तर तडकतोही. बोल्ट मधून कडेला जात, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळावेत. आकडा आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच हवा, शेजाऱ्याच्या गाडीचा चालत नाही. जुनं पॅकिंग 'चांगलं दिसतंय' म्हणून परत बसवू नये. हेडची भोकं स्वच्छ कापडाने बुजवून मगच पृष्ठभाग पुसावा, आणि त्यासाठी पॉलिशपेपर घेऊ नये.

राणीगंजला सुटे भाग घ्यायला गेलात तर नुसतं मॉडेलचं नाव सांगू नका. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक इंजिन बदलतं. चेसिस नंबर दाखवून पार्ट नंबर जुळवा, आणि मिळालं तर कंपनीचंच पॅकिंग घ्या.